लाल डोळ्यांचा झाडबेडूक मातीतून घडवताना

विज्ञान प्रदर्शनात लेकरं हा बेडूक हमखास आणतात, पण तो नखशिखांत भडक रंगवलेला असतो. मी परभणीकडच्या शाळेत चित्रकला शिकवते. माझा आग्रह असा की बेडूक दोन करा, एक झोपलेला आणि एक जागा.

मेक्सिकोपासून पुढं मध्य अमेरिकेतल्या ओल्या, दाट जंगलात हा राहतो. दिवसा पाय अंगाखाली घेऊन, डोळे मिटून पानाला चिकटून झोपतो. तेव्हा दिसतो तो निव्वळ हिरवा रंग. कुणी डिवचलं की डोळे उघडून उडी घेतो. लाल, निळं, नारिंगी असं सगळं एकदम समोर आल्यावर शत्रू क्षणभर बिचकतो, असं अभ्यासक मानतात. एकाच बेडकात ही गंमत दाखवता येत नाही.

शेतातली काळी माती नको, वाळताना भेगाळते. पोळ्याचे बैल करणाऱ्या कुंभाराकडून मळलेली माती आणा आणि तिच्यात चिमूटभर पिंजलेला कापूस मिसळा. मोठी मादी साधारण ७ सेंटिमीटरची, नर ५ चा. माप तेच ठेवा. पुढच्या पायाला चार बोटं, मागच्या पायाला पाच, प्रत्येक बोटाच्या टोकाला चपटी गोल गादी. बोटांत बारीक तार घाला, नाहीतर हाताळताना तुटतात. वाळवायचं सावलीतच.

पोट पांढरं, पाठ पोपटी, पंजे नारिंगी. कुशी निळ्या, त्यांवर फिकट पिवळे उभे पट्टे. झोपलेल्याच्या कुशी पायांनी पूर्ण झाकल्या पाहिजेत.

डोळ्यांसाठी गुंजा चिकटवू नका. त्या विषारी असतात, लेकरं तोंडात घालतात. शिवाय या बेडकाची बाहुली उभ्या चिरेसारखी असते, गोल नाही. लाल नेलपॉलिशचे दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग बारीक ब्रशनं काळी उभी रेघ ओढा. ती चकाकी पोस्टर कलरला येत नाही. झोपलेल्याच्या डोळ्यावर पातळ पापणी असते, तिच्यावर सोनेरी जाळी काढा.

पाटीवर ‘विषारी’ लिहू नका. बाणांना ज्यांचं विष लावतात ते बेडूक वेगळे.

जागा असल्यास अंडीही दाखवा. मादी पाण्यावर झुकलेल्या पानावर अंडी घालते, पिल्लं फुटून खाली पाण्यात पडतात. अंड्यांवर सापानं झडप घातली, तर त्या हादऱ्यांनी पुरेशी वाढलेली पिल्लं वेळेआधीच बाहेर पडून निसटतात. परीक्षकांना हे आवर्जून सांगायला लावा. कर्दळीच्या पानावर भिजवलेला साबुदाणा डिंकानं चिकटवा आणि पानाचं टोक पाण्याच्या वाडग्यावर नेमकं येऊ द्या. साबुदाणा मात्र त्याच दिवशी सकाळी भिजवा, शिळा झाला की वास येतो.