सायमाच्या सीलची डीएनएवरून ओळख: नमुना गोळा करण्यापासून मोजणीपर्यंत

फिनलंडच्या सायमा सरोवरातले रिंग्ड सील (अंगावर वलयं असलेले सील) हिमयुगानंतर समुद्रापासून तुटले आणि गोड्या पाण्यातच राहिले. १९८० च्या दशकात ते २०० हूनही कमी उरले होते. आज ४०० च्या वर आहेत. कोणती मादी विते आणि पिलं पुढे कुठे जातात हे कळायला प्रत्येक प्राण्याची ओळख पटावी लागते. ती त्याला हात न लावता पटवता येते.

मादी फेब्रुवारी-मार्चमध्ये बर्फातल्या बिळात विते. बर्फ वितळला की पाणबुडे त्या जागी तळाशी वार, म्हणजे पिलाला पोटात आईशी जोडणारा आणि विल्यावर बाहेर पडणारा अवयव, शोधतात. नाळेजवळचा सेंटिमीटरभर तुकडा कापून दहापट ९५ टक्के इथेनॉलमध्ये बुडवा. वारेत आईच्याही पेशी असतात. मार्कर म्हणजे डीएनएवरची तपासायची ठरावीक जागा, आणि अ‍ॅलील म्हणजे त्या जागी आढळणारा प्रकार; एका प्राण्यात ते जास्तीत जास्त दोन असतात. एका मार्करवर तीन अ‍ॅलील दिसले तर नमुना मिसळलेला आहे, दुसरा तुकडा घ्या. मे-जूनमध्ये खडकांवर केस गळतात. ते कोरडे असतानाच स्वच्छ चिमट्याने उचला आणि कागदी पाकिटात सिलिका जेलसोबत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि डीएनए तुटतो. एका खडकावर अनेक सील बसतात, म्हणून दोन पुंजके कधीही एकत्र करू नका. हा प्राणी १९५५ पासून संरक्षित आहे: परवानगी आधी, आणि सील खडकावर असेल तर मागे फिरा.

खरी अडचण पुढे येते. या सीलमध्ये जनुकीय विविधता फार कमी आहे, त्यामुळे सख्खी भावंडं सहज एकच प्राणी वाटतात. इथे मार्कर म्हणून मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे डीएनएतले पुन्हापुन्हा येणारे छोटे तुकडे, वापरतात. ते किती घ्यायचे हे हिशेबानेच ठरवा. सगळ्या सीलमध्ये मिळून एका मार्करचे दोन अ‍ॅलील निम्मे-निम्मे असतील, तर दोन भावंडं त्या मार्करवर सारखी दिसण्याची शक्यता ०.५९, ती ०.०१ च्या खाली आणायला असे ९ मार्कर पुरतात. प्रमाण ९०:१० असेल तर शक्यता ०.८३२ होते आणि २६ मार्कर लागतात! दुसरीकडच्या प्रजातीसाठी जमवलेला तयार संच इथे डोळे झाकून वापरू नये तो यासाठीच.

उलटी चूकही होते. गळालेल्या केसाच्या मुळाशी डीएनए जेमतेम असतो. पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवताना, एक अ‍ॅलील दिसायचा राहतो आणि नसलेला सील मोजणीत शिरतो. केसांचा प्रत्येक नमुना किमान तीनदा चालवा, सोबत डीएनए नसलेली नळी ठेवा, म्हणजे बाहेरचा डीएनए मिसळला तर कळेल. दोन नमुन्यांत एकाच मार्करचा फरक आला तर नवा प्राणी मोजण्याआधी तो मार्कर पुन्हा तपासा. अंगावरच्या वलयांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते. खडकावरच्या त्याच सीलचा फोटो असेल तर तोही ताडून पाहा.