कीपॅडवर १ दाबला, उमटला क्यू

नाशिकच्या सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात विंडोजच्या पीसीवरून पुटीने (दूरच्या मशीनशी जोडणाऱ्या प्रोग्रामने) लिनक्स सर्व्हरवर जायचं, व्हिम या टेक्स्ट एडिटरमध्ये फाइल उघडायची आणि मापं भरायला उजवीकडचं कीपॅड वापरायचं. १ दाबला की वर नवी ओळ उघडते आणि तिच्यात क्यू उमटतो. कीबोर्ड बदलायला धावू नका, तो ठणठणीत आहे.

टर्मिनल (इथे पुटीची खिडकी) कळ पाठवत नाही, अक्षरांची माळ पाठवतं. ही रीत १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलपासून चालत आलेली. वरचा बाण साध्या मोडमध्ये 'एस्केप [ ए' असा जातो, ॲप्लिकेशन मोडमध्ये 'एस्केप ओ ए' असा. कीपॅडचा ॲप्लिकेशन मोड वेगळा असतो; त्यात ० ते ९ म्हणजे एस्केप, मोठा ओ आणि मग लहान पी ते वाय. व्हिमला ही माळ ओळखता आली नाही, तर तो ती सुटी सुटी वाचतो: एस्केपने इन्सर्ट मोड (मजकूर लिहिण्याची अवस्था) संपतो, मोठ्या ओने वर ओळ उघडते, उरलेला क्यू मजकुरात जातो.

सोपा उपाय पुटीतच आहे. टर्मिनलखालच्या फीचर्समध्ये 'डिसेबल ॲप्लिकेशन कीपॅड मोड'वर टिक करा. मग सेशनच्या पानावर परत येऊन सेव्ह दाबा. हे विसरलं की पुढच्या वेळी पुन्हा क्यू. कीबोर्डच्या पानावर कीपॅडची 'इनिशियल स्टेट' असते, बरेच जण तीच बदलतात. ती फक्त सुरुवातीची. व्हिम उघडताच मोड पुन्हा बदलू शकतो.

पुटीला हात लावता येत नसेल तर व्हिममध्ये 'सेट <के१>=' लिहा, कंट्रोल-व्ही दाबा आणि मग कीपॅडचा १. प्रत्येक अंकासाठी एकदा. ओळी व्हिमआरसीत (व्हिमच्या सेटिंगच्या फाइलीत) ठेवा. इथे आयमॅप (कळेला दुसरा अर्थ जोडणारी, म्हणजे मॅपिंगची आज्ञा) वापरू नका: एस्केपने सुरू होणारं मॅपिंग केलं की इन्सर्ट मोडमधून बाहेर पडताना दर वेळी टाइमआउटलेनइतकं, म्हणजे मूळ सेटिंगला १००० मिलिसेकंद, थांबावं लागतं. कळांच्या कोडला, म्हणजे अशा माळांना, टीटाइमआउटलेन लागू होतं. ते ५० ठेवा. नेट रडत असेल तर १००, नाहीतर बाणाचीच माळ मध्ये तुटते.

बाण दाबल्यावर ए, बी, सी, डी उमटत असतील तर दुखणं वेगळं. बहुधा व्हिम जुन्या व्हीआय एडिटरसारखा चालतोय. व्हिमआरसीत 'सेट नोकंपॅटिबल' पुरतं.

टीमक्सच्या (एका टर्मिनलमध्ये अनेक टर्मिनलं चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) आत टर्म व्हेरिएबल (टर्मिनलचा प्रकार सांगणारी सेटिंग) 'स्क्रीन' किंवा 'टीमक्स'ने सुरू व्हायला हवं. बॅशआरसीत (शेलच्या सेटिंगच्या फाइलीत) कोणी टर्मला एक्सटर्म ठोकून ठेवलं असेल तर ती ओळ काढा. नॅनो या एडिटरलाही चुकीचं टर्म तितकंच बाधतं.