कांद्याच्या मुळांवर खाद्यरंग तपासताय? या चुका टाळा

गोव्यात म्हापशाच्या बोडगेश्वराची जत्रा उरकली की आमच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मुलं एकच विषय घेऊन येतात. ‘मॅडम, खाण्याच्या रंगांनी जनुकांना धोका आहे का, ते बघायचंय.’ म्हापसा पालिकेनं २०२४ मध्ये गोबी मंचुरियनच्या गाड्यांवर बंदी घातली, तेव्हापासून तर लाल आणि केशरी रंगांवर सगळ्यांचाच डोळा आहे. विषय चांगला आहे. पण दरवर्षी पंधरापैकी बारा अहवालांत ‘रंग घातक’ असाच निकाल येतो आणि त्यातले निम्मे निकाल रंगाचे नसतातच.

कांदा हा या कामातला गरिबाचा घोडा: रंगाच्या पाण्यात त्याची मुळं ठेवायची आणि टोकाच्या पेशींतली गुणसूत्रं बघायची. १९३८ मध्ये लेव्हान या शास्त्रज्ञानं कांद्याच्या मुळांवर पेशींचं विभाजन अडवणाऱ्या कोल्चिसीनचा परिणाम तपासला, तिथून ही पद्धत रुळली. कांद्यात गुणसूत्रं फक्त १६ आणि चांगली मोठी. मुळाचं टोक ठेचून कार्मिननं रंगवलं की कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही विभागणाऱ्या पेशी दिसतात. स्वस्त आहे, सोपं आहे, म्हणूनच गफलतही सहज होते.

पुडी म्हणजे रंग नव्हे

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, आणि ती मीही केली आहे. एका वर्षी एका विद्यार्थिनीनं बाजारातून जिलबीच्या पिवळ्या रंगाची पुडी आणली. १ ग्रॅम पूड, १०० मिलिलिटर पाणी, वर कांदा. दोन दिवसांनी मुळं आखूड, टोकं तपकिरी. ‘मॅडम, मुळं मेली की काय?’ मीही मान डोलावली, टार्ट्राझीनचा, म्हणजे त्या पिवळ्या रंगाचा, प्रताप म्हणून. पेशी मोजल्या, तक्ते भरले. अहवाल बांधायला जायच्या आदल्या दिवशी संदर्भासाठी पुडीचं वेष्टण हवं होतं म्हणून ते भिंगाखाली धरलं. घटकांत पहिलं नाव मीठ! रंग अगदी थोडा, बाकी सगळं मीठ. कांदा बिचारा दोन दिवस जवळजवळ दवाखान्यातल्या सलाईनइतक्या खारट पाण्यात पाय सोडून बसला होता.

किराणा दुकानातल्या बहुतेक रंगांत मीठ, साखर किंवा डेक्स्ट्रोज मिसळलेलं असतं, चिमटीत घ्यायला सोयीचं व्हावं म्हणून. मीठ मुळांची वाढ खुंटवतं. क्षार जास्त झाले तर पेशींवरचा ताण वाढून गुणसूत्रांत बिघाडही दिसू शकतो. सस्तन प्राण्यांच्या पेशींवरच्या चाचण्यांतही द्रावणाची क्षारता आणि आम्लता आधी तपासतात, ती त्यासाठीच. तेव्हा पुडीच वापरायची असेल तर पाणी आणि पुडी यांच्याबरोबर तिसरा ग्लास ठेवा: पुडीत जितकं मीठ, तितकंच मीठ आणि रंग शून्य. नाहीतर शुद्ध रंग मागवा आणि त्यातला रंगद्रव्याचा टक्का बघा. अन्नदर्जाच्या टार्ट्राझीनमध्येही आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो किमान ८५ टक्के असावा लागतो, १०० नव्हे. वजन करताना तेवढा हिशेब धरा.

कांदाच आजारी असेल तर

शुद्ध पाण्यातल्या मुळांतही तुटकी गुणसूत्रं दिसू लागली तर रंगाला दोष देण्याआधी कांदा कुठून आला ते विचारा. घाऊक बाजारातल्या काही कांद्यांना मोड येऊ नयेत म्हणून गॅमा किरण दिलेले असतात. लासलगावला तसं केंद्रच आहे. किरण काम करतात ते विभागणाऱ्या पेशींवरच, म्हणजे आपण नेमकं जे तपासतो त्यावर. मी शुक्रवारच्या बाजारातून माळेचा गावठी कांदा आणते. पावसाळ्याच्या बेगमीसाठी घरी टांगतो तोच, लहान आणि एकसारखा. त्याला मुळंही लवकर फुटतात. खालची वाळलेली चकती खरवडून घ्या, पण मुळांचं कडं दुखवू नका. नळाचं पाणी वापरायचंच असेल तर रात्रभर उघडं ठेवा, क्लोरीन उडून जाऊ दे. आणि आधी साध्या पाण्यात मुळं दोनेक सेंटीमीटर होऊ द्या, मगच रंगात ठेवा. मुळंच न फुटलेल्या कांद्यावर रंगाचा परिणाम कसा मोजणार?

मात्रा आणि वेळ

आपल्याकडे परवानगी असलेले कृत्रिम रंग आठ: पॉन्सो ४आर, कार्मोइसिन, एरिथ्रोसीन, टार्ट्राझीन, सनसेट यलो, इंडिगो कार्माइन, ब्रिलियंट ब्लू आणि फास्ट ग्रीन. बहुतेक पदार्थांत मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम. मुलं सुरुवातच करतात १ टक्क्यापासून, म्हणजे लिटरला १०,००० मिलिग्रॅम! एवढ्या मात्रेत चांगली वस्तूही वाईट ठरेल. लिटरला ५०, १००, २०० मिलिग्रॅम अशी मात्रांची शिडी लावा. मात्रेबरोबर परिणाम चढत गेला तर त्याला अर्थ.

वेळेचंही तसंच. दोन तास बुडवून सूक्ष्मकेंद्रकं शोधू नका. विभाजनात मागे राहिलेला गुणसूत्राचा तुकडा पुढच्या विश्रांतीच्या अवस्थेत सूक्ष्मकेंद्रक म्हणून दिसतो, त्यासाठी पेशीचं एक चक्र तरी उलटायला हवं. २४ तास धरा. मुळं रोज ठरावीक वेळी कापा. आम्ही सकाळी कापतो. एक ग्लास सकाळचा, दुसरा दुपारच्या जेवणानंतरचा असेल तर तुम्ही रंग नाही, घड्याळ तपासलंत.

एरिथ्रोसीनचं एक वेगळंच खूळ: उजेडात ते ऑक्सिजनला चेतवतं आणि पेशींना इजा करतं. खिडकीतल्या उन्हात ठेवलेला ग्लास आणि कपाटातला ग्लास वेगळे निकाल देतील. काळा कागद गुंडाळा.

मोजणीतली लबाडी

लबाडी हा शब्द मुद्दाम वापरतेय. कुणी जाणूनबुजून करत नाही, पण काचपट्टीवर ‘लाल, २००’ लिहिलेलं असलं की डोळा बिघाड शोधायलाच लागतो. नावं झाकून नुसते आकडे टाका, कुठला आकडा कुठल्या ग्लासाचा ती किल्ली दुसऱ्याकडे द्या. प्रत्येक मात्रेला निदान १,००० पेशी, त्याही वेगवेगळ्या कांद्यांतल्या.

दुसरं, विभागणाऱ्या पेशींचा टक्का घसरला म्हणजे जनुकांना इजा झाली असं नाही. पेशी नुसती थकलेली असू शकते. पूल (दूर जाणाऱ्या गुणसूत्रांच्या दोन गटांना जोडून राहिलेला धागा) आणि तुकडे म्हणजे गुणसूत्र तुटल्याची खूण. मागे रेंगाळणारं गुणसूत्र बहुधा गुणसूत्रं ओढणाऱ्या धाग्यांच्या बिघाडाचं. गुणसूत्रांचे चिकट गोळे तर बऱ्याचदा नुसत्या विषारीपणाचे. हे सगळं एकाच रकान्यात घालून बेरीज करू नका.

कांद्याला आतडी नाहीत

टार्ट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइसिन, पॉन्सो हे अझो रंग. आपल्या आतड्यांतले जिवाणू त्यांचा अझो बंध (नायट्रोजनच्या दोन अणूंमधला जोड) तोडतात आणि नवी द्रव्यं तयार होतात. शंका त्या तुकड्यांबद्दलच जास्त असते. कांद्यात ती सोय नाही. याच अडचणीमुळे जनुकांतले बदल शोधणाऱ्या, जिवाणूंवरच्या एम्स चाचणीतही अझो रंगांसाठी खास बदल केला गेला: उंदराच्या यकृताऐवजी हॅमस्टरच्या यकृताचा अर्क आणि बंध तोडायला मदत करणारं फ्लेविन. साध्या एम्स चाचणीत ‘काही नाही’ आलं म्हणून अझो रंगाला क्लीन चिट देता येत नाही.

उलट बाजूही आहे. अमेरिकेनं जानेवारी २०२५ मध्ये एरिथ्रोसीनची परवानगी काढली, ती नर उंदरांच्या थायरॉईडमधल्या गाठींवरून. त्या गाठींमागे जनुकं तुटणं नसून संप्रेरकांचा बिघाड आहे, असं मानलं जातं. म्हणजे कर्करोगाची भीती आणि गुणसूत्रांची इजा या दोन वेगळ्या गोष्टी. अहवालाच्या शेवटच्या पानावर त्यांची खिचडी होते.

त्या पिवळ्या पुडीचा प्रयोग आम्ही पुन्हा मांडला. पाणी, मीठ, पुडी आणि शुद्ध टार्ट्राझीन असे चार ग्लास. मिठातली आणि पुडीतली मुळं सारखीच आखूड निघाली. टार्ट्राझीनच्या १०० मिलिग्रॅमच्या ग्लासातली मुळं पाण्यातल्या मुळांइतकीच लांब. २०० च्या ग्लासात मात्र तीन पूल दिसले आणि पाण्याच्या ग्लासात एक. विद्यार्थिनीनं विचारलं, ‘मॅडम, हे लिहू का?’ मी म्हटलं, लिही, पण आधी आणखी पाच कांदे लाव.