वाढत्या शहरातले रस्ते जोखताना या चुका टाळा

1992 च्या हद्दवाढीनंतर सोलापूर महापालिकेचं क्षेत्र सुमारे 178 चौरस किलोमीटर झालं. पहिली चूक इथेच होते: रस्ते एकमेकांना किती जोडलेले आहेत हे पाहायला शहरातले चौक मोजून या सगळ्या क्षेत्राने भागायचं. त्यात शेतं, तलाव, एमआयडीसी सगळं येतं आणि आकडा फसवा निघतो. त्यापेक्षा भरवस्तीतले एक किलोमीटर लांबी-रुंदीचे चौकोन घ्या, एक जुन्या पेठांमधला, एक नव्या वस्तीचा म्हणजे जुळे सोलापुरातला, आणि त्यांची तुलना करा. चौकोनाच्या कडेवर तुटलेला रस्ता बंद टोक म्हणून धरू नका.

रस्ता रुंद म्हणजे जोडणी चांगली, हीही गफलत. दोन चौकांमधला प्रत्येक तुकडा मोजा. त्या संख्येला चौक आणि बंद टोकं यांच्या बेरजेने भागा. चार बाय चार चौकांच्या जाळीत 24 भागिले 16, म्हणजे 1.5. तेच 16 बिंदू झाडाच्या फांद्यांसारखे जोडले तर तुकडे 15 आणि उत्तर 0.94. 1.4 च्या वर असेल तर जोडणी चांगली समजतात.

ओपनस्ट्रीटमॅप या मोफत ऑनलाइन नकाशावर दुभाजकाचा रस्ता दोन रेषांत असतो, त्यामुळे असे दोन रस्ते एकमेकांना छेदतात तिथे एका चौकाचे चार होतात. ते एकत्र करा. पेठांमधले बोळ बऱ्याचदा नकाशावर नसतात. ते पायी फिरूनच भरावे लागतात.

सगळ्यात महाग पडते ती लेआउटमधली चूक. प्रत्येक गटाचा, म्हणजे जमिनीच्या तुकड्याचा, लेआउट सुटा मंजूर होतो. आतला रस्ता हद्दीच्या दोन-तीन फूट आधी थांबवून मालक तेवढी पट्टी स्वतःकडे ठेवतो, म्हणजे शेजारच्या गटाला वाट मिळत नाही. पुढे तिथे भिंत उभी राहते, घंटागाडी उलटी बाहेर काढावी लागते आणि तीनशे मीटरवरच्या शाळेला मूल नऊशे मीटर चालत जातं. काटकोनी जाळीत हेच अंतर सव्वाचारशेच्या पुढे सहसा जात नाही. घरं झाली की रस्त्याची आखणी बदलणं जवळजवळ अशक्य. म्हणून प्लॉट घेण्याआधी लेआउटचा मंजूर नकाशा आणि शेजारच्या गटाचा मोजणी नकाशा शेजारी ठेवा. रस्ता हद्दीला टेकतो का, पलीकडच्या रस्त्याच्या समोर येतो का, एवढं पाहाच.

भिंत आधीच झाली असेल तर गाडीरस्त्याचा हट्ट सोडा. दोन्ही बाजूंच्या मालकांची लेखी संमती घेऊन दोन मीटरची पायवाट मागा. शाळेचा फेरा तेवढ्यानेही वाचतो.