नवं मॉड्यूल बसवलं आणि चेक इंजिन लाइट लागला: दोष कसा शोधायचा

पेडल मॉड्यूल (ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद वाढवणारं), डिझेलचा ट्यूनिंग बॉक्स (इंजिनाची ताकद वाढवणारा), जीपीएस ट्रॅकर किंवा बाहेरून आणलेला अलार्म बसवल्यावर डॅशबोर्डवर इंजिनाचं पिवळं चित्र पेटलं, तर आधी कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा क्रमांक, वाचा. पुसू नका. बॅटरीची केबल काढून लाइट घालवण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. त्याने कोड तर जातोच, शिवाय कोड लागला त्या क्षणी आरपीएम, तापमान आणि लोड किती होता ही इसीएमने (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरने) साठवलेली नोंदही जाते. दोष शोधायला हीच नोंद लागते.

लाइट स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी पळत असेल, तर सावकाश घरी नेता येते. लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होतंय, गाडी बाजूला घ्या. न जळलेल्या पेट्रोलने धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो. पिकअप एकदम गेला आणि आरपीएम ठरावीक आकड्यापुढे जाईना, तर गाडी लिम्प मोडमध्ये आहे, म्हणजे इसीएमने इंजिनाची ताकद मुद्दाम कमी केली आहे. अशा गाडीने आंबा किंवा कुंभार्ली घाट चढायला घेऊ नका.

स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी (दोष तपासायच्या) सॉकेटला ब्लूटूथ स्कॅनर लावा आणि सगळे कोड कागदावर उतरवा. पी२१३८ म्हणजे पेडलच्या दोन सेन्सरांचे सिग्नल जुळत नाहीत. पी२१२२ किंवा पी२१२७ म्हणजे त्यातला एक सिग्नल फार कमी येतोय. पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी. पी००८७ म्हणजे डिझेल रेलमधला (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला) दाब हवा तेवढा नाही. ‘यू’ने सुरू होणारे कोड म्हणजे गाडीतल्या कंट्रोल युनिटांचं आपसातलं बोलणं तुटलंय.

मग मॉड्यूल पूर्ण काढा आणि मूळ कपलर (वायर जोडणारा प्लग) मूळ जागी लावा. ॲपमधून बंद करणं म्हणजे काढणं नव्हे. वायर तशीच मधे राहते. पेडलचा कपलर काढण्याआधी चावी काढून, दार लावून पंधरा मिनिटं थांबा. किल्ली ऑन असताना किंवा इसीएम झोपायच्या आत कपलर ओढला, तर तेवढ्यानेच पी२१२२ लागतो. बसवताना घाई झाली आणि लाइट आला, असं पुष्कळदा घडतं. तेव्हा मॉड्यूलही ठीक असतं आणि पेडलही. कोड पुसला की परत येत नाही.

मॉड्यूल काढल्यावरही लाइट तसाच राहिला म्हणून गाडीच बिघडली असं समजू नका. बहुतेक गाड्यांत दोष न दिसता तीन ड्राइव्ह सायकल (गाडी चालू करून चालवून बंद करण्याच्या फेऱ्या) झाल्यावरच लाइट आपोआप विझतो. कोड लिहून घेतला असेल तर स्कॅनरने पुसा, २०-३० किलोमीटर चालवा, त्यात एक चढही घ्या. लाइट परत आला तर दोष वायरिंगमध्ये किंवा सेन्सरमध्ये शोधा. आला नाही तर संशय मॉड्यूलवर किंवा त्याच्या जोडणीवर.

किनारपट्टीवर बहुतेक वेळा जोडणीच निघते. देवगड, मालवण, गुहागरच्या खाऱ्या हवेत टोचून लावलेले टॅप कनेक्टर टिकत नाहीत. पाती इन्सुलेशन कापते, तांब्याच्या एकदोन तारा तुटतात आणि त्या फटीतून दमट हवा आत शिरते. पावसाळा संपता संपता सांधा उघडून पाहा: तांबं काळं पडलेलं, पिनांवर हिरवट पूड. वरून टेप मात्र नव्यासारखी. असा सांधा पुसून चालत नाही. चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर मागे कापा, सोल्डर करा किंवा क्रिंप करा, आणि आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा. कपलरच्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. गाडी कधी पुराच्या पाण्यात उभी राहिली असेल, चिपळूणला जुलै २०२१ मध्ये राहिल्या तशी, तर कार्पेटखालचे कपलरही उघडून पाहा.

आता मल्टिमीटर. इंजिन बंद असताना बॅटरी १२.४ ते १२.७ व्होल्ट, चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. मग इंजिन आणि हेडलाइट चालू ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं मॉड्यूलच्या अर्थिंगच्या बोल्टवर धरा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. बोल्ट काढा, रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासा, पुन्हा घट्ट बसवा.

पेडलचा कोड असेल तर किल्ली ऑन, इंजिन बंद ठेवून दोन्ही सिग्नल मोजा. बऱ्याच गाड्यांत एक सिग्नल दुसऱ्याच्या साधारण दुप्पट असतो, उदाहरणार्थ ०.८ आणि ०.४ व्होल्ट. पेडल सावकाश दाबा. दोन्ही आकडे मधे न उडता एकसारखे चढले पाहिजेत. कपलर हलवल्यावर आकडा उडाला तर दोष सापडला. मोजताना बारीक पिन कपलरच्या मागून घाला, वायरला भोक पाडू नका. त्या भोकातून खारी हवा आत जाते आणि सहा महिन्यांनी नवाच दोष उभा राहतो.

‘यू’ कोडसाठी ओबीडी सॉकेटमधला ट्रॅकर आणि एका सॉकेटचे दोन करणारी दुहेरी केबल दोन्ही काढा. बॅटरीचा निगेटिव्ह काढून पाच मिनिटं थांबा आणि पिन ६ व १४ मध्ये रोध मोजा. ज्या गाडीत हे सॉकेट थेट कॅन लाइनवर (कंट्रोल युनिटं जिच्यावरून आपसात बोलतात त्या दोन वायरांवर) असतं तिथे साधारण ६० ओहम यायला हवेत, कारण लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. १२० आले तर एक टोक तुटलंय. मॉड्यूल लावल्यावर ४० च्या आसपास आले तर त्याच्या आत तिसरा १२० ओहमचा रेझिस्टर आहे. ते त्या लाइनवर लावूच नका.

ट्यूनिंग बॉक्स रेलचा दाब खरा आहे त्याहून कमी दाखवतो, म्हणून इसीएम दाब वाढवतो. कोड सपाटीला लागत नाही पण घाटात भरल्या गाडीला लागतो, तेव्हा पंप अपुरा पडतोय. सेटिंग एक पायरी खाली घ्या, तरी लागला तर बॉक्स काढून टाका. फक्त सेन्सरच्या कपलरला हात लावा. रेलचे नट कधीच ढिले करू नका. आत हजार बारपेक्षा जास्त दाब असतो आणि ती बारीक धार कातडी भेदून आत शिरते. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला काय बसवलंय ते आधीच सांगा, नाहीतर मेकॅनिक भलतीकडेच दोष शोधत बसतो.

सगळं ठीक निघालं तर एका वेळी एकच मॉड्यूल परत लावा आणि आठवडाभर चालवा. ते मॅटखाली ठेवू नका, पावसात ओले पाय तिथेच टेकतात. पेडलच्या वर, डॅशबोर्डखाली केबल टायने बांधा. कपलरचं तोंड खाली ठेवा आणि वायर कपलरपाशी पोचण्याआधी एकदा खाली वळवून मग वर घ्या, म्हणजे ओघळणारं पाणी त्या वळणावरून गळून पडतं, कपलरात जात नाही.