'झिरो इन ऑन' वापरताना या चुका टाळा

'झिरो इन ऑन' म्हणजे लक्ष केंद्रित करणे, एवढं पाठ करून मुलं थेट मेल लिहायला बसतात. तिथेच घोळ होतो. रायफलची गोळी नेम धरला तिथेच लागावी म्हणून तिची साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, जुळवतात, त्याला 'झिरोइंग' म्हणतात. या क्रियापदात म्हणूनच शोध आहे आणि नेमकं एका जागी पोहोचणं आहे. पोलीस ढीगभर फुटेज चाळून एका पांढऱ्या गाडीपाशी येतात, तेव्हा 'द पोलीस झिरोड इन ऑन अ व्हाइट कार'. 'आय झिरो इन ऑन माय स्टडीज डेली' मात्र खटकतं. रोजच्या अभ्यासाला साधं 'फोकस ऑन' पुरतं.

'इन ऑन' गाळणं मला सर्वांत जास्त खुपतं. माझ्या एका विद्यार्थ्याने, तो मेंटेनन्सला होता, ग्राहकाला कळवलं, 'वी हॅव झिरोड द लीकेज.' त्याला म्हणायचं होतं, गळती कुठून होते ते सापडलं. ग्राहकाने वाचलं, गळती शून्यावर आली. त्याने लाइन चालू केली आणि फ्लँजखाली, म्हणजे पाइपच्या जोडाखाली, पुन्हा तेलाचं थारोळं. मशीन पुसायला माणसं, वर खुलाशाचे मेल. दोन छोटे शब्द गाळून वेळ वाचत नाही!

'झिरो डाउन ऑन' आपल्याकडे सर्रास लिहितात. 'नॅरो डाउन' आणि 'झिरो इन' यांची ती सरमिसळ आहे; भारताबाहेरचा वाचक तिथे अडखळतो. दोन्ही वेगळे ठेवा: 'वी नॅरोड इट डाउन टू थ्री फ्लॅट्स अँड झिरोड इन ऑन द वन इन कोथरूड.'

'झिरो इन अ‍ॅट' नको, 'झिरो इन टू' नको. 'फोकस टू इम्प्रूव्ह' नाही, 'फोकस ऑन इम्प्रूव्हिंग'. याच अर्थाच्या 'होम इन ऑन'ऐवजी लिहिलं जाणारं 'होन इन ऑन' आता शब्दकोशांत सापडतं, तरी मी 'होम इन ऑन'च शिकवते.

माझी सवय अशी, की वाक्य लिहिण्याआधी मराठीत विचारायचं: कशातून काय सापडलं? उत्तर नसेल तर 'फोकस ऑन' लिहून मोकळं व्हायचं. 'रोज दहा फ्रेजल व्हर्ब्ज' (अशी जोडशब्दांची क्रियापदं) छापाच्या याद्यांवर माझा विश्वास नाही. त्यांत अर्थ असतो, पण कर्त्याने आधी काय शोधलं हे नसतं. घाई असलेल्यांना त्याच आवडतात. त्यापेक्षा या एका क्रियापदाची पाच वाक्यं आपल्याच कामातून काढा, खरी घडलेली. बिलातली चूक शोधली असेल तर तीच घ्या: 'आफ्टर चेकिंग एव्हरी एंट्री, आय झिरोड इन ऑन द जीएसटी कॉलम.'