इंदूरचं घर आणि न्यू जर्सीतली सही

नवीन आलेल्यांनो, एक दिवस इंदूरहून फोन येणारच. दादा सांगणार की रामबागेतल्या घराचा सौदा ठरलाय, तुझा हिस्सा आहे, मुखत्यारनामा (म्हणजे पॉवर ऑफ अॅटर्नी, तुझ्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद) करून पाठव. मग तुम्ही नेटवरून एक फॉर्म उतरवणार आणि बँकेतल्या नोटरीसमोर सही ठोकून मोकळे होणार. मी पहिल्या वर्षी हेच केलं. कागद तिकडे गेला, बाबूने उलटसुलट करून बघितला आणि परत दिला, म्हणे यावर ना कॉन्सुलेटचा शिक्का ना अपोस्टिल (म्हणजे नोटरीची सही-शिक्का खरा असल्याचं, करारातल्या दुसऱ्या देशांत चालणारं सरकारी प्रमाणपत्र), आम्ही हा मानायचा कशाच्या जोरावर. कुरियरचे पैसे गेले ते गेले, वर दादाची बोलणी खाल्ली.

तर पहिलं काम, ड्राफ्ट इंदूरच्या वकिलाकडूनच मागवा. इथला नोटरी फक्त तुमची ओळख आणि सही बघतो, आत काय लिहिलंय त्याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही. घराचा पूर्ण पत्ता, चतुःसीमा, आणि दादाला नेमकं काय करता येईल ते सगळं त्यात हवं, म्हणजे विकणे, रजिस्ट्रीला उभं राहणे, पैसे घेणे, जे असेल ते. "सर्व अधिकार" असा मोघम कागद देऊ नका, भाऊ सख्खा असला तरी. आणि उलट तुम्ही घेणारे असाल तर नुसत्या मुखत्यारनाम्यावर घर घेऊ नका, त्याने मालकी मिळत नाही हे सुप्रीम कोर्टाने 2011 मध्येच सांगितलंय.

खरी डोकेदुखी नावांची. जुन्या रजिस्ट्रीत वडिलांच्या नावाला "राव" लागलेला, तुमच्या पासपोर्टवर तो गायब. मुलींचं तर विचारूच नका, रजिस्ट्रीत माहेरचं आडनाव आणि पासपोर्टवर सासरचं, मग ड्राफ्टमध्येच "उर्फ" घालून दोन्ही नावं लिहायची आणि मॅरेज सर्टिफिकेटची कॉपी सोबत जोडायची, नाहीतर तिकडे कुणीतरी विचारणारच की ही बाई कोण.

आता शिक्का. एक रस्ता न्यूयॉर्कच्या भारतीय कॉन्सुलेटचा. तिथे सही अधिकाऱ्यासमोर करायची असेल तर घरून सही करून जाऊ नका हो, आमच्या एका ओळखीच्या काकांनी व्यवस्थित सगळ्या पानांवर सह्या करून नेल्या आणि नवीन प्रिंट काढायला बाहेर पळाले. दुसरा रस्ता नोटरी आणि त्यावर अपोस्टिल. बहुतेक राज्यांत ते सेक्रेटरी ऑफ स्टेट देतात, आपल्या न्यू जर्सीत मात्र ट्रेझरी डिपार्टमेंट. भारत 2005 पासून अपोस्टिलच्या करारात आहे. पण बहीण दुबईला असेल तर तिला हा रस्ता नाही, यूएई त्या करारात नाही. जर्मनीत असेल तरी नाही, कारण भारत-जर्मनीत अपोस्टिल चालत नाही. कॅनडात जानेवारी 2024 पासून चालतं. दोन्हीपैकी कुठला रस्ता धरायचा हे वकिलाला तिकडच्या रजिस्ट्रार ऑफिसात विचारायला लावा, मगच पैसे भरा.

कागद इंदूरला पोचला की काम संपलं असं समजू नका. भारतात पोचल्यापासून 3 महिन्यांच्या आत त्यावर तिकडची स्टॅम्प ड्यूटी भरावी लागते. हे 3 महिने सहीच्या तारखेपासून नाही, पोचल्याच्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे कुरियरचं पाकीट आणि पावती जपून ठेवायला सांगा. आमच्या आईने पाकीट रद्दीत दिलं होतं, मग ट्रॅकिंगचा प्रिंट काढून भागवलं. ड्यूटी किती ते मुखत्यारनामा कुणाला देताय आणि त्यात विकायचा अधिकार आहे का यावर ठरतं, ते आधीच विचारून घ्या.

आणि फोन करताना घड्याळ बघा. इथे उन्हाळ्यात सकाळचे 8 म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेपाच, वकीलसाहेब कोर्टातून येऊन चहाला बसलेले असतात, तेव्हा नीट बोलतात. तिकडच्या सकाळी लावलात तर तुमची झोप जाते आणि ते पोहे खात "हो हो, बघतो" म्हणून ठेवून देतात.